डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली जखम

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. फजरच्या वुजूसाठी उठलेल्या माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणतो, मोरीत घसरून पडल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. वडूजमध्ये एक्स-रे काढला तेव्हा खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही म्हणाले. मग गाडी केली आणि तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना दाखल केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर हुशार, बोलायला गोड. आम्ही शुक्र अदा केला, वॉर्डात पेढे वाटले. अकराव्या दिवशी अम्मींचे कपडे बदलताना माझ्या हाताला ओलसर काहीतरी लागलं. पाहिलं तर कमरेखाली, माकडहाडावर, तळहाताएवढा काळपट लाल डाग आणि मधोमध कातडी गेलेली. सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी होतं असं. ड्रेसिंग करत राहा." दोन दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर लिहिलं होतं : ऑपरेशन यशस्वी, प्रकृती समाधानकारक. त्या जखमेबद्दल एक अक्षर नव्हतं.

मोडलेलं हाड तीन महिन्यांत जुळलं. पाठीची जखम भरायला सात महिने लागले. रोजचं ड्रेसिंग, ताप, पू, रात्रीचं कण्हणं, पाण्याची गादी, औषधांचा खर्च, आणि कुशीवर वळवताना प्रत्येक वेळी "या अल्लाह" म्हणून मिटलेले त्यांचे डोळे. भेटायला येणारी मंडळी म्हणायची, "तकदीर. ऑपरेशन तरी सुखरूप झालं." मीही मान हलवायची.

ईदला माझ्या नणंदेची मुलगी आली. ती नर्सिंग शिकून पुण्यातल्या एका रुग्णालयात काम करते. नानीची फाइल तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मला विचारलं, "मुमानी, दाखल केलं तेव्हा ही जखम होती?"

"नाही."

"मग ती दवाखान्यात झाली. त्यांनी ती कुठे नोंदवली?"

मी म्हटलं, "कुठेच नाही. तू फाइल पाहिलीसच की."

"म्हणजे त्यांच्या हिशेबात नानी चांगलं होऊन घरी गेलेल्या पेशंट आहेत," ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. शाळेत वीस वर्षं हजेरीपट भरते आहे. जे पटावर नाही ते शाळेच्या दृष्टीनं घडलेलंच नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. दवाखान्याचंही तसंच असेल, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

भाचीनं मला जे समजावलं, आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे मांडते. आजारपण कोणत्याच घराला चुकलेलं नाही.

माणूस दवाखान्यात एका दुखण्यासाठी जातो. तिथे असताना त्याला दुसरंच काही होतं. टाक्यांत पू होतो, लघवीच्या नळीतून जंतू शिरतात, सलाइनची जागा सुजते, चुकीचं औषध दिलं जातं, पेशंट खाटेवरून पडतो, पाठीला जखम होते. यातलं सगळंच टाळता येत नाही. पण बरंच काही टाळता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचार घेतानाच काही ना काही इजा होते. अशा असुरक्षित उपचारांमुळे वर्षाला 30 लाखांहून जास्त माणसं दगावतात, आणि या इजांपैकी निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारख्या असतात. म्हणूनच 2019 पासून 17 सप्टेंबर हा दिवस रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

अम्मींची जखम याच टाळता येणाऱ्या प्रकारातली. एकाच जागेवर शरीराचा भार तासन् तास राहिला की तिथलं रक्त वाहायचं थांबतं आणि कातडी मरते. माकडहाड, टाच, खुबा, कोपर, डोक्याची मागची बाजू या तिच्या आवडत्या जागा. उपाय साधा आहे. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याला ठरावीक वेळानं, साधारण दर दोन तासांनी, कूस बदलून द्यायची, अंग कोरडं ठेवायचं, या जागा रोज पाहायच्या आणि पोटात पुरेसं अन्न जाईल असं बघायचं. कोणाला धोका जास्त हे ओळखायलाही पद्धत आहे. ब्रेडन नावाचा एक तक्ता असतो. स्पर्श कळतो का, अंग ओलं राहतं का, चालणं, हालचाल, खाणं, घसटणं अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. गुण जितके कमी तितका धोका मोठा. दाखल केल्यावर पाच मिनिटांत भरून होतो. अम्मींच्या फाइलमध्ये तो नव्हता.

आता मोजायचं कसं? नुसतं "आमच्याकडे या महिन्यात तिघांना लघवीच्या नळीचा संसर्ग झाला" म्हटल्यानं काही कळत नाही. एका दवाखान्यात दहा जणांना नळी असेल, दुसऱ्यात दोनशे जणांना. म्हणून नळीचे दिवस मोजतात. दहा पेशंटना प्रत्येकी पाच दिवस नळी होती, म्हणजे पन्नास नळी-दिवस झाले. अशा दर हजार नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले, हा खरा आकडा. ऑपरेशनच्या जखमेचा हिशेब दर शंभर ऑपरेशनांमागे धरतात. तोही डिस्चार्जच्या दिवशी मिटवायचा नसतो. ऑपरेशननंतर निदान तीस दिवस पेशंटची चौकशी करायची, आणि शरीरात सळई किंवा सांधा बसवला असेल तर काही ऑपरेशनांत नव्वद दिवस. कारण पू बहुतेकदा घरी गेल्यावरच होतो, आणि पेशंट टाके दाखवायला गावातल्याच डॉक्टरकडे जातो. मोठ्या दवाखान्याला पत्ताच लागत नाही.

या मोजणीत लबाडीही करता येते, आणि ती ओळखायला शिक्षकाइतकं तरबेज कोणी नाही! दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात, हे आपण ऐकून आहोत. तसंच गंभीर पेशंट घ्यायचाच नाही, किंवा शेवटच्या घटकेला "मोठ्या ठिकाणी हलवा" म्हणायचं, की मृत्यूचा आकडा आपोआप खाली येतो. उलट जो दवाखाना सगळ्यांना घेतो, त्याचे आकडे वाईट दिसतात. म्हणून दोन दवाखान्यांची नुसत्या आकड्यांवरून तुलना करणं धोक्याचं. एका दवाखान्याची तुलना त्याच्याच गेल्या वर्षाशी करावी. आणि "आमच्याकडे असा प्रकार एकही नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर तिथे मोजतच नसतील ही शक्यता आधी धरावी. प्रामाणिक नोंद सुरू झाली की पहिले काही महिने आकडा वाढतो. तो वाढला म्हणजे दवाखाना बिघडला असं नाही, झाकण उघडलं एवढंच.

मोजल्यानं काय होतं याची एक जुनी गोष्ट आहे. 1847 साली व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. हे कळलं ते नोंदवह्यांमुळे. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरनं शोध घेतला. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणींना तपासायला येत होती. त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. तरीही कित्येक नामवंत डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मानलं नाही. आपल्याच हातांनी मृत्यू येतो, हे कबूल करणं त्यांना जड गेलं.

आपल्या मुंबईची गोष्ट इतकी जुनी नाही. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. मेंदूचा किंवा डोळ्याचा दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन प्यायला देतात, तसं त्यांना दिलं होतं. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन होतं. रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. औषधाच्या खरेदीपासून तपासणीपर्यंत कुठे कुठे हलगर्जीपणा झाला, हे त्यांच्या अहवालातून राज्याला कळलं. विचार करा, मेंदूच्या ऑपरेशनचा एखादा पेशंट गेला तर घरचे काय म्हणतील? दुखणंच मोठं होतं म्हणतील. एकेक मृत्यू सुटा पाहिला तर प्रत्येकाला कारण सापडतं. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले तरच दिसतं की डोळ्याच्या पेशंटची मूत्रपिंडं बंद पडायचं काही कारण नव्हतं.

मोजणीला जोडून साधी शिस्त आली तर किती फरक पडतो, याचाही पुरावा आहे. 2007-08 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत एक यादी वापरून पाहिली. त्यात आपल्या नवी दिल्लीतलंही एक होतं. यादीत 19 मुद्दे. भूल देण्यापूर्वी, कापण्यापूर्वी आणि पेशंटला बाहेर नेण्यापूर्वी थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं : पेशंट हाच ना? बाजू हीच ना? अ‍ॅलर्जी आहे का? प्रतिजैविक दिलं का? कापसाचे बोळे, सुया मोजून बरोबर भरल्या का? यादीच्या आधी मोठी गुंतागुंत होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 11 होतं, नंतर 7 झालं. मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. यंत्र नवं नाही, औषध नवं नाही, फक्त न विसरता विचारणं.

महाराष्ट्रातलं चांगलं उदाहरण बाळंतिणींचं. 2001-03 च्या सुमारास राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रुग्णवाहिका आल्या, आशाताई घरोघरी फिरल्या, हे सगळं त्यामागे आहेच. पण त्याबरोबर प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करायची पद्धतही आली. कोणावर ठपका ठेवायला नाही, तर उशीर कुठे झाला हे शोधायला. घरी निर्णय घ्यायला, वाटेत, की दवाखान्यात पोहोचल्यावर? मग पाठीची जखम, टाक्यांतला पू, खाटेवरून पडणं यांचा हिशेब का नको?

तशी व्यवस्था कागदावर आहे. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, 2015 पासून स्वच्छता आणि संसर्ग रोखण्यासाठी कायाकल्प पुरस्कार आहे, 2017 पासून बाळंतपणाच्या खोलीसाठी लक्ष्य कार्यक्रम आहे. खासगी रुग्णालयांना एनएबीएच हे मानांकन मिळतं आणि त्यासाठी असे आकडे ठेवावेच लागतात. पण आकडा ठेवणं वेगळं आणि त्यावर काही करणं वेगळं. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीनं दहा नवजात बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा जण गेले. तपासणीचा कागद स्वतः आग विझवत नाही.

भाचीला मी विचारलं, "तुम्ही सिस्टर लोक लिहीत का नाही?" ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मुमानी, रात्री तीस पेशंटना आम्ही दोघी असतो. जखम झाली असं लिहिलं, तर पहिला प्रश्न येतो, ड्युटीवर कोण होतं? दोघीच का होत्या, हा प्रश्न येत नाही. मग कोण लिहील?"

यात आपलाही हात आहे. काही वाईट झालं की नातेवाईक काचा फोडतात, डॉक्टरांच्या अंगावर जातात. त्याविरुद्ध 2010 पासून राज्यात कायदा आहे, तरी प्रकार थांबलेले नाहीत. मार बसायच्या भीतीनं कोणी खरं सांगत नाही, उलट जास्त लपवतं. दुसरं टोक म्हणजे आमचं "तकदीर" म्हणून उठून येणं. तकदीरवर माझाही ईमान आहे. पण उंट न बांधता भरवसा ठेवणाऱ्याला आपल्या नबींनी काय सांगितलं, हे आपण मुलांना पहिल्या इयत्तेत शिकवतो. मृत्यूची घडी आपल्या हाती नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं मात्र आपल्या हाती आहे.

मग आपण घरच्यांनी काय करावं? मला जे उशिरा कळलं ते सांगते.

पेशंट दाखल करताना एक साधी वही सोबत घ्या. तारीख, वेळ, कोणतं औषध दिलं, नळी कधी घातली, कूस कधी बदलली, ताप किती. घरातल्या शिकत्या मुलामुलीवर हे काम सोपवा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

रोज आदबीनं विचारा : ही लघवीची नळी आजही लागते का? सलाइनची सुई कधी बदलणार? हे औषध कशासाठी? आमच्या माणसाची पाठ आज कोणी पाहिली का? हात लावण्यापूर्वी हात धुतले का, हे विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. "सर, हात धुवायला पाणी देऊ का?" असं म्हटलं की काम होतं.

इयादतबद्दल थोडं कडू बोलते. आजाऱ्याला भेटणं सवाबाचं काम आहे, यात शंका नाही. पण एका वेळी बाराजण, चपलांसह, लहान मुलांना घेऊन, खाटेवर बसून, पेशंटच्या तोंडाला तोच हात! दवाखान्यातला संसर्ग फक्त डॉक्टर आणत नाहीत. दोघांनी जावं, हात धुऊन जावं, पाच मिनिटं बसावं, दुआ करून निघावं. पेशंटच्या घरच्यांना डबा आणि रात्रीची एक पाळी दिलीत, तर ती त्याहून मोठी इयादत आहे.

घरी येताना कागद पाहा. डिस्चार्ज कार्डावर जे घडलं ते सगळं लिहिलं आहे का? नसेल तर लिहून मागा. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत, असं भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत आहे. खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं 2021 च्या राज्याच्या नियमांनी सक्तीचं केलं आहे, ती वाचा. औषधानं काही विपरीत झालं, तर 1800-180-3024 या सरकारी क्रमांकावर फुकट कळवता येतं. डॉक्टरांनीच कळवावं असं नाही, रुग्णही कळवू शकतो.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगायला हवं. भाचीच्या सांगण्यावरून मी त्या दवाखान्याला पत्र लिहिलं. भरपाई मागितली नाही, कोणा सिस्टरचं नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं : अमुक तारखेला दाखल केलेल्या आमच्या पेशंटला तेव्हा जखम नव्हती, अकराव्या दिवशी होती, ती भरायला सात महिने लागले. कृपया आपल्या नोंदीत घ्यावी, आणि वॉर्डात कूस बदलण्याचा तक्ता लावावा.

पत्र द्यायला आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. काउंटरवरच्या मुलानं दोनदा वाचलं, आत कोणाला तरी विचारून आला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. उत्तर अजून आलेलं नाही. अम्मी आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, खुर्चीवर बसून नमाज पढतात. खुर्चीवर घालायची उशी मात्र अजून लागते. शिक्का मारलेली ती प्रत मी त्यांच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाच्या वर लावून ठेवली आहे.